टिकाव कुठून येतो?

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा इथं झालेल्या गावसभांच्या बैठकीतलं भाषण. बऱ्याच गावच्या लोकांना येता आलं नाही, म्हणून बोलण्याचा मजकूर इथं देत आहोत. गावसभेत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



मायबाप, भाऊ आणि बहिणींनो,

दावा कसा भरायचा, पुरावे कोणते जोडायचे, नकाशा कसा काढायचा, यावर आपलं बरंच बोलून झालं आहे. आज पुढचं बोलू. हक्काचा कागद हातात आला, तर त्या जंगलाचं आपण करणार काय?

2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलं आहे की सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा आहे. म्हणजे आराखडा गावसभेनं करायचा. पण काही गावांत एक छापील नमुना फिरून राहिला आहे. त्यात लागवडीच्या रकान्यात एकच शब्द आहे, साग. बांबूच्या रकान्यात एकच आकडा भरायचा आहे, किती तोडणार. कधी तोडणार, कोणते ठेवणार, याला जागाच नाही. या नमुन्यावर अंगठा मारायचा की आपला आराखडा आपण लिहायचा, हे तुम्हाला याच महिन्यात ठरवायचं आहे.

ते ठरवण्याआधी एका गोष्टीचा विचार करू. ती गोष्ट म्हणजे टिकाव. उधई, घुण, बुरशी, अळी, रोग यांच्यापुढं एक लाकूड टिकतं, दुसरं टिकत नाही. एक धान उभा राहतो, दुसरा बसतो. पुस्तकात याला जैविक प्रतिकार म्हणतात. आपण टिकाव म्हणू. हा टिकाव येतो कुठून, आणि जातो कशानं, हे कळलं तर आराखड्यात काय लिहायचं ते आपोआप कळेल.

घरापासून सुरू करू. तुमच्या घराचा खांब कशाचा आहे? कोणी म्हणेल सागाचा, कोणी बिज्याचा, कोणी ऐनाचा. काटेसावरीचा खांब कोणी रोवत नाही. सालईचा रोवत नाही. मोवईची फांदी कुंपणात चालते, कारण ती जमिनीत धरते आणि पालवते. पण वाळलेली मोवई खांबाला चालत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलं? आजोबांनी. आजोबांना कोणी शिकवलं? उधईनं. जे लाकूड उधईनं खाल्लं ते लोकांनी सोडलं, जे तिनं टाकलं ते घरात घेतलं. अशी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा झाली आहे.

अशीच परीक्षा सरकारी संस्थेतही घेतात. देहरादूनला 1906 पासून वन संशोधन संस्था आहे. तिथं लाकडाचे दोन फूट लांब आणि दोन इंच जाड तुकडे अर्धे जमिनीत पुरतात आणि दर वर्षी उपटून पाहतात. दहा वर्षांच्या वर टिकलं ते पहिल्या वर्गाचं लाकूड. पाच ते दहा वर्षं टिकलं ते दुसऱ्या वर्गाचं. पाच वर्षांच्या आत गेलं ते तिसऱ्या वर्गाचं. साग पहिल्या वर्गात आहे आणि सावर तिसऱ्या वर्गात. आजोबांचं आणि देहरादूनचं उत्तर एकच निघालं. फरक एवढाच की तिकडची परीक्षा कागदावर आली आणि आपली कागदावर आली नाही.

आता हे का होतं ते पाहू. जाड झाडाचं खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात. बाहेरचा भाग फिक्कट असतो. तो जिवंत असतो, त्यातून पाणी वर चढतं, आणि त्यात झाडानं साखर आणि पीठ साठवलेलं असतं. आतला गाभा गडद असतो. झाडाचं वय वाढतं तसं ते आतल्या पाण्याच्या नळ्या बंद करतं आणि तिथं कडू, तुरट, तेलकट द्रव्यं भरून ठेवतं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य आहे, ते उधईला चालत नाही. खैराच्या गाभ्यात कात आहे. बिज्याच्या गाभ्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं तर पाण्याला रंग चढतो, तो अशाच द्रव्यांचा. लाकडाचा टिकाव म्हणजे हा गाभा. बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी कीड त्याला खाते.

उधईला शिव्या देऊ नका. तिला लाकूड एकटीला पचवता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या जीवांची मदत लागते. आपल्याकडच्या वारुळातली उधई आत बुरशीची बाग लावते. पावसाळ्यात वारुळावर सात्या निघतात आणि आपण त्यांची भाजी खातो, त्या तिच्याच बागेतल्या. पडलेलं लाकूड तिनं खाल्लं नसतं तर जंगल स्वतःच्या ओझ्याखाली दबून मेलं असतं. तिचं काम जंगलात आहे. घरात ती येऊ नये म्हणून आपण गाभ्याचं लाकूड लावतो.

आता विचार करा, गाभा भरायला किती वर्षं लागतात? पातळ सागाची बल्ली कापून पहा. बाहेरचं पांढरंच जास्त असतं, गाभा अंगठ्याएवढा. म्हणून "साग आहे ना, मग टिकेलच" असं समजू नका. टिकतो तो वय झालेला साग. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात ज्यांची घरं गेली त्यांनी घर मोडताना काय काय सोबत नेलं ते आठवा. माती सोडली, भिंती सोडल्या. जुने खांब, चौकटी आणि फाटे बंडीत घालून नेले, आणि त्यातले कितीतरी आज नव्या गावठाणात उभे आहेत. तसा खांब आता नव्यानं करायचा म्हटला तर तेवढं जुनं झाड जंगलात किती उरलं आहे?

इथं छापील नमुन्याचा प्रश्न येतो. तो म्हणतो साग लावा. साग आपला आहे, सागाशी आपलं भांडण नाही. पण नुसता साग म्हणजे जंगल नाही. 1974 साली राज्यात वन विकास महामंडळ झालं. आपल्या पूर्व विदर्भात मिश्र जंगल साफ करून सागाच्या रांगा लावल्या, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पावसाळ्यात त्या रांगांत जा. पानांची जाळी झालेली दिसते, नुसत्या शिरा उरलेल्या. पानं खाणारी ही अळी मिश्र जंगलातही असते. पण तिथं तिला एका सागावरून दुसऱ्या सागापर्यंत जाताना मधे ऐन लागतो, धावडा लागतो, तेंदू लागतो. पाखरं लागतात, कोळी लागतात, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या लागतात. रांगेत तिला सगळीकडं ताट वाढलेलं असतं.

आणि आपल्याला काय काय लागतं? बंडीला तिवस लागतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा लागतो. मुसळाला खैर लागतो. हलक्या जुवाला शिवण लागते. मोह तर सगळ्यालाच लागतो. हे सगळं सागाच्या रांगेतून मिळत नाही. आपला भंडारा जिल्हा पूर्वी मध्यप्रांतात होता. मालगुजारी 1951 साली गेली, पण निस्तारपत्रकात गावाच्या गरजेचं लाकूड, काटी, गवत नोंदवलेलं आहे. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, निस्तारात कोणकोणती झाडं होती. तीच आपल्या आराखड्याची पहिली यादी.

आता बांबू. यावर थोडं जास्त बोलतो, कारण वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं आहे. तो गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क गावाला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना गावसभेच्या हाती आला. जे तिथं झालं ते आपल्याकडंही होऊ शकतं.

पण बांबूला सागासारखा गाभा नसतो. तो आतून पोकळ आणि बाहेर नुसता कडक. कडू द्रव्यं त्यात फार थोडी, पीठ मात्र भरपूर. एक बारीक भुंगेरा, ज्याला आपण घुण म्हणतो, तो याच पिठासाठी येतो. टोपली टांगून ठेवली आणि खाली पिवळसर भुकटी पडायला लागली की समजायचं, घुण आत बसला. मग बांबूचा टिकाव कुठून आणायचा? तोडण्याच्या वेळेतून आणि तोडणाऱ्याच्या अकलेतून.

पावसाळ्यात बांबू जमिनीतून वास्ते काढतो. एका हंगामात त्यांना पुऱ्या उंचीचं करतो. त्यासाठी साठवलेलं पीठ खर्च होतं. म्हणून पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूत पीठ कमी असतं आणि घुण कमी लागतो. उन्हाळ्यापर्यंत ते पुन्हा भरतं. उन्हाळ्यात तोडलेला बांबू म्हणजे घुणाला आमंत्रण. म्हातारी माणसं म्हणतात, "पुनवेचा बांबू तोडू नको, घुण लागते." चंद्राचं आम्ही छातीठोक सांगत नाही. पण हंगामाचं सांगणं खरं आहे.

दुसरी गोष्ट वयाची. एक-दोन वर्षांचा बांबू कोवळा, पाणीदार. वाळला की चिरमटतो, आणि तो तोडला की पुढच्या वर्षी वास्ते कमी येतात, कारण कोवळ्या बांबूच्या मुळातूनच नवे वास्ते निघतात. तीन वर्षांच्या पुढचा बांबू पक्का. तोच तोडायचा, तोही बेटाच्या आतून, आणि बेटात पुरेसे उभे ठेवायचे म्हणजे वाऱ्यात बेट पडत नाही.

तिसरी गोष्ट तोडल्यानंतरची. बोडीत किंवा वाहत्या पाण्यात बांबू काही आठवडे बुडवून ठेवला तर साखर धुऊन जाते आणि पीठ कुजून निघतं. वास येतो, पण घुण येत नाही. चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलेली बांबूची वस्तू जास्त वर्षं चालते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. मात्र पाण्यात बुडवल्यानं उधई थांबत नाही. म्हणून असा बांबू थेट मातीत रोवू नका, खाली दगड द्या.

आमच्या बुरूड भावांचं दुःख इथंच आहे. हातात कसब आहे, बोटं चालतात. पण बांबू स्वतः निवडता येत नाही. डेपोत जो येईल तो घ्यायचा, जेव्हा येईल तेव्हा घ्यायचा. कोवळा आला तर कोवळा, उन्हाळ्याचा आला तर उन्हाळ्याचा. मग सुपाला वर्षात घुण लागला की गिऱ्हाईक बुरडाला बोल लावतं. घुण सुपात शिरतो, पण त्याला वाट डेपोतच मिळालेली असते. म्हणून आराखड्यात नुसता आकडा लिहून चालणार नाही. कोणत्या महिन्यात, किती वयाचा, कोणत्या बेटातून आणि आधी कोणाला, हे लिहायचं.

आता शेतात येऊ. आसगाव चौरास पट्ट्यातलं, वैनगंगेच्या काठची काळी जमीन, धानाचं गाव. जंगलाकडून आलेल्या गावांचीही बांधी आहेच. सगळ्यांना गाद माहीत आहे. ढगाळ दमट दिवसांत डासाएवढी माशी पानावर अंडी घालते. अळी खाली सरकत कोंबापाशी जाते. कोंबाच्या जागी चांदीसारखी पोकळ नळी निघते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. रोवणी उशिरा झाली की त्रास जास्त. तिला गादमाशी म्हणतात.

गादमाशीला टिकणारे वाण शास्त्रज्ञांनी शोधले. काही वाणांत असं होतं की अळी खायला लागली की रोप त्या जागचा आपलाच एवढासा भाग मारून टाकतं. अळीला खायला काही उरत नाही, ती मरते, बाकी रोप जगतं. हा गुण शास्त्रज्ञांना कुठं सापडला? जुन्या गावरान वाणांत. ईश्वरकोरा नावाच्या एका जुन्या धानातून टिकावाचा एक गुण घेतला. सयाम देशातल्या दुसऱ्या एका धानातून दुसरा गुण घेतला, त्यातून फाल्गुना नावाचा वाण झाला. वाण चांगला होता. लोकांनी खूप लावला. आणि 1980 नंतरच्या वर्षांत आंध्राच्या श्रीकाकुळम भागात फाल्गुनावर गाद पडली. माशीचा नवा प्रकार उभा राहिला होता. भारतात गादमाशीचे असे सात प्रकार शास्त्रज्ञांनी मोजले आहेत. त्यातला चौथा प्रकार श्रीकाकुळमचा, आणि तोच आपल्या भंडारा जिल्ह्यात साकोलीला आहे. म्हणजे हे लांबचं नाही, आपल्या बांधीतलं आहे. साकोलीचं धान संशोधन केंद्र आणि सिंदेवाहीचं केंद्र याच माशीला टिकणारे वाण शोधत आले आहेत.

इथं नीट लक्ष द्या. माणसं म्हणतात, "माशीला सवय झाली." तसं नाही. गावात कोंबड्यांना मानमोडी आली की काय होतं? शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव मरतात. ज्या उरतात त्यांच्या अंगात काहीतरी वेगळं असतं, आणि पुढची पिल्लं त्यांची होतात. किडीचं तसंच. हजार माश्यांत एखादी अशी असते जिच्यावर त्या वाणाचा किंवा विषाचा इलाज चालत नाही. बाकीच्या मेल्या की सगळं शेत तिच्या लेकरांचं. जितका एकच वाण सगळीकडं लावला, जितकं एकच विष पुन्हा पुन्हा मारलं, तितकी तिची लेकरं लवकर वाढली. साऱ्या गावाला एकच कुलूप लावलं तर चोराला एकच किल्ली पुरते.

कापसाच्या मुलखात तेच झालं. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. सांगितलं की बोंडअळी मरेल, फवारणी कमी होईल. 2010 साली कंपनीनंच जाहीर केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी त्या पहिल्या बीटीला मरत नाही. आठच वर्षं! बियाण्याचे पैसे शेतकऱ्यानं भरले, टिकाव अळीला मिळाला.

आणि डासांचं पहा. 1953 पासून सरकारनं डीडीटी फवारली. आपल्या घराच्या भिंती पांढऱ्या व्हायच्या, ते जुन्या लोकांना आठवत असेल. 1961 साली साऱ्या देशात मलेरियाचे रोगी पन्नास हजारांच्या आसपास उरले. सगळ्यांना वाटलं, संपला. 1976 साली तोच आकडा 64 लाखांवर गेला. फवारणी ढिली झाली, औषध वेळेवर पोचलं नाही, ही कारणं होतीच. पण डीडीटीला न मरणारे डासही झाले होते. आणि मलेरियाच्या जंतूनंही जुन्या गोळ्यांना दाद देणं कमी केलं. म्हणून सांगतो, ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यात सोडू नका. उरलेले जंतू पुढच्या माणसाकडं जातात, ते जास्त टिकणारे असतात.

मलेरियावरून आपल्या रक्ताची गोष्ट सांगणं भाग आहे. आपल्या गोंड, हलबा समाजात आणि पूर्व विदर्भातल्या इतरही समाजांत सिकलसेल आहे. माणसं लपवतात, देवीचा कोप म्हणतात, सुनेला दोष देतात. हा कोप नाही. हजारो वर्षं मलेरियाच्या मुलखात राहिलेल्या माणसांच्या रक्तात हा गुण उरला. आई किंवा बाप, एकाकडून तो आला तर माणूस बहुतेक धडधाकट असतो, आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बराच आसरा मिळतो. आफ्रिकेतल्या लोकांतही असंच आहे, हे 1954 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण दोघांकडून आला तर मूल आजारी पडतं. सांधे दुखतात, रक्त कमी होतं, पुन्हा पुन्हा दवाखाना. आईबाप दोघांतही अर्धा-अर्धा गुण असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी भीती असते. म्हणून लग्नाआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करा. यात लाज नाही. टिकाव फुकट मिळत नाही, कोणीतरी त्याची किंमत देतं. ती किंमत लेकरांनी देऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

आता परत बियाण्याकडं. टिकाव जुन्या वाणांत सापडला असं म्हणालो. जंगली धानातही सापडतो. बोडीच्या काठी आपोआप उगवतं ते देवधान तुम्हाला माहीत आहे. फिलिपीन्समध्ये धानाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथं एका रोगानं धान बुटकं होऊन बसत होतं. सहा हजारांवर नमुने तपासले. टिकाव सापडला तो एका जंगली धानात, आणि ते धान गेलं होतं आपल्या उत्तर प्रदेशातून. त्याचा गुण पुढं कितीतरी वाणांत गेला. एक गोष्ट खरी की देवधानावर गादमाशीही जगते, म्हणून बांधीतलं देवधान उपटायलाच पाहिजे. पण मामा तलाव बुजवला, बोडीचा काठ नांगरून टाकला, तर ते कायमचं जाईल. मग पुढच्या रोगाच्या वेळी कुठं शोधणार?

शेजारच्या छत्तीसगडात डॉ. रिछारिया नावाच्या शास्त्रज्ञानं गावोगाव फिरून धानाचे हजारो नमुने गोळा केले. गोंड, हलबा, सगळ्या शेतकऱ्यांच्या ढोलीतले नमुने. रायपूरच्या कृषी विद्यापीठात ते ठेवलेले आहेत. 2002 साली त्या ठेव्यावरून सिंजेन्टा या परदेशी कंपनीशी करार व्हायचा होता. लोक रस्त्यावर आले आणि कंपनीला मागं हटावं लागलं. तेव्हा आपण हे शिकायचं की ढोलीतलं मूठभर बियाणं मोठी संपत्ती आहे. कंपनीला ते कळतं, आपल्यालाच कळत नाही. लुचई, चिन्नोर, हिरानक्की, दुबराज, किती घरांत उरले आहेत? या सगळ्यांत गादमाशीचा टिकाव आहे असं आम्ही म्हणत नाही. कोणात काय आहे ते आधी कोणालाच माहीत नसतं. म्हणूनच सगळे ठेवायचे असतात.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क दिला आहे, फक्त दुसऱ्याच्या छापाखाली विकता येत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये जैवविविधतेवर आणि पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहिला आहे. म्हणजे बिजा का टिकतो आणि बांबू कधी तोडायचा हे आजोबांचं ज्ञानही गावाच्या हक्कात येतं. पण जे लिहून ठेवलं नाही ते सरकारला दिसत नाही. निस्तार होता, पण लोकांना त्याचा कागद दाखवता आला नाही, आणि हक्क सवलत झाली. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

म्हणून छापील नमुन्यावर अंगठा मारू नका, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. आपल्या गावसभेच्या वहीत आपला आराखडा लिहा. त्यात निदान एवढं असू द्या:

1) जंगलात आज कोणती झाडं आहेत आणि निस्तारात कोणती होती, याची यादी. लागवड मिश्र. एकाच झाडाची रांग नको.

2) दर जातीची काही जुनी झाडं खूण करून कायमची ठेवायची. ती बियाण्यासाठी आणि गाभ्यासाठी. पन्नास वर्षांनी घर बांधणाऱ्यासाठी आज सोडलेलं झाड.

3) बांबू पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तोडायचा नाही. तीन वर्षांच्या पुढचाच तोडायचा. बुरूड आणि गावातली गरजू घरं यांना आधी, विक्री नंतर. भिजवायला बोडीची एक जागा ठरवायची.

4) प्रत्येक घरानं निदान एक जुना धान थोड्या जागेत पेरायचा. बियाणं दोन घरांत ठेवायचं, म्हणजे एका घरचं गेलं तरी दुसऱ्या घरी उरतं. बायकांनी हे काम हातात घ्यावं, कारण ढोलीची किल्ली त्यांच्याकडंच असते.

5) गादीचा एक पोंगा दिसला की लगेच औषध मारायचं नाही. आधी बांधीत फिरून मोजायचं. त्या पोंग्यांतच गादमाशीच्या अळीला मारणारी बारीक गांधीलमाशी असते, औषधानं आधी तीच मरते. रोवणी वेळेवर करायची. विष लागलंच तर दर वेळी एकच मारायचं नाही.

6) मामा तलाव आणि बोडीच्या काठावर अतिक्रमण नाही, कोणाचंही नाही, आपलंही नाही.

7) सिकलसेलची तपासणी गावात व्हावी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला गावसभेचा ठराव.

लिहिताना अडलं तर आम्ही येऊ. पण आम्ही लिहून देणार नाही, लिहिणार तुम्ही. जंगलाच्या कडेचा प्रत्येक म्हातारा आणि म्हातारी त्या दिवशी गावसभेत बसलेली असली पाहिजे. त्यांना विचारल्याशिवाय एकही रकाना भरू नका. कोण झाड ओळखतं, कोण बांबू निवडतं, कोणाच्या ढोलीत कोणतं धान आहे, याचीही नावं वहीत लिहा, म्हणजे पुढच्या पोरांना कोणाकडं जायचं ते कळेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं तीन वस्तू आणाव्या: आराखड्याची वही, आपल्या जंगलातल्या टिकणाऱ्या एका लाकडाचा तुकडा, आणि मूठभर जुनं बियाणं. बियाण्याची अदलाबदल त्याच दिवशी करू.

जय सेवा! जोहार!